पेटीतला कॉम्प्युटर : ॲडम ऑसबॉर्नची गोष्ट

प्रोजेक्ट एक्झिबिशनच्या आदल्या रात्री कुठल्याही इंजिनिअरिंग हॉस्टेलात एक चक्कर मारा. सर्किट चालू झालेलं असतं, प्रोग्राम रन होत असतो, रिपोर्टचं बाइंडिंगसुद्धा झालेलं असतं. आणि ग्रुपमधले चारही जण डोक्याला हात लावून बसलेले असतात, कारण हे सगळं बसवायचं कशात हेच ठरलेलं नसतं! मग कुणी बुटाचं खोकं आणतो, कुणी मिठाईचा डबा. सहा महिने ज्या सर्किटवर घासली, ते बिचारं सकाळी बुटाच्या खोक्यातून एक्स्टर्नलला सामोरं जातं.

जुने कॉम्प्युटर पुन्हा उभे करायचा नाद ज्यांना आहे, त्यांना हाच प्रश्न बारा महिने छळतो. मलाही तो नाद आहे. झेड-80 चं उदाहरण घ्या. झायलॉग कंपनीने 1976 मध्ये आणलेली ही चिप 2024 मध्ये बंद करायची घोषणा झाली, तरी आजही ती मिळते. मेमरी मिळते, सर्किट डायग्राम मिळतात, हाताने सोल्डर करायचे किट मिळतात. मिळत नाही ती एकच गोष्ट, पेटी! याचं कारण साधं आहे. चिप हजार प्रकारच्या मशीनमध्ये लागते, म्हणून ती कोट्यवधींनी बनते. कॅबिनेट मात्र त्या एका मॉडेलसाठीच बनतं. मॉडेल बंद झालं की साचा भंगारात, आणि मशीन बिघडलं की सगळ्यात आधी त्याचा डबा फेकला जातो. उरलेलं प्लॅस्टिक पिवळं पडतं, ठिसूळ होतं.

या पेटीच्या शोधात वाचता वाचता मला एक माणूस भेटला. मॅनेजमेंटच्या तासाला त्याचं नाव आपण एका फजितीपुरतं ऐकतो, आणि सोडून देतो. त्याची पूर्ण गोष्ट वाचल्यावर मला वाटलं, की कॉम्प्युटरच्या पेटीला मान देणारा हा पहिल्या काही लोकांपैकी एक. आणि त्याची कंपनी बुडाली तीही (निदान एका हकिगतीप्रमाणे) पेट्यांपायीच. शिवाय त्याचा आपल्या देशाशी असलेला संबंध फार कमी जणांना माहीत आहे. म्हणून हा लेख.

ॲडम ऑसबॉर्नचा जन्म 6 मार्च 1939 ला बँकॉकमध्ये झाला. वडील आर्थर ऑसबॉर्न इंग्रज, तिथल्या विद्यापीठात शिकवायचे. आई ल्युसिया पोलिश. आईवडील दोघंही रमण महर्षींचे भक्त. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने वडिलांना कैदेत ठेवलं. ती वर्षं आईने मुलांना घेऊन तमिळनाडूत तिरुवण्णामलैला, महर्षींच्या आश्रमाच्या आसऱ्याने काढली. युद्ध संपल्यावर वडील सुटून आले. पुढे याच आर्थर ऑसबॉर्ननी महर्षींवर पुस्तकं लिहिली आणि 1964 मध्ये आश्रमाचं इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. छोटा ॲडम कोडाईकनालच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकला. म्हणजे पोर्टेबल कॉम्प्युटर विकून अमेरिकेत नाव काढणारा हा माणूस लहानपणी आपल्याच देशातल्या डोंगरात हुंदडलेला!

शाळेत असतानाच तो इंग्लंडला गेला. बर्मिंगहॅम विद्यापीठातून 1961 मध्ये त्याने पदवी घेतली ती केमिकल इंजिनिअरिंगची. (आपल्या केमिकलच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातून 1968 मध्ये पीएचडी, आणि कॅलिफोर्नियात शेल ऑइलमध्ये नोकरी. तिथे प्रक्रियांची गणितं मांडता मांडता त्याचा कॉम्प्युटरशी संबंध आला. मोठ्या कंपनीची शिस्त काही त्याला मानवली नाही. नोकरी सुटली, आणि त्याने टेक्निकल लेखनाचा धंदा सुरू केला.

तो काळ मायक्रोप्रोसेसर नुकता जन्मल्याचा होता. चिप बाजारात यायची, पण तिची माहिती मात्र कंपनीच्या क्लिष्ट डेटाशीटमध्ये अडकलेली. ऑसबॉर्नने 1975 च्या सुमारास मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. प्रकाशकांना रस नव्हता, तर पठ्ठ्याने स्वतःच छापलं! इम्साय नावाची कंपनी तेव्हा कॉम्प्युटरचे किट विकत होती. प्रत्येक किटबरोबर या पुस्तकाची एक प्रत द्यायचं तिने ठरवलं, आणि पुस्तक धडाधड खपायला लागलं. सिलिकॉन व्हॅलीतल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकांना तो पुस्तकांचे खोके घेऊन यायचा आणि तिथेच विकायचा. 1979 मध्ये त्याने ही प्रकाशनसंस्था मॅग्रॉ-हिलला विकली. आपल्या लायब्ररीतल्या जुन्या कपाटात ऑसबॉर्न/मॅग्रॉ-हिल असा शिक्का असलेली पुस्तकं कधी दिसली असतील, तर ते नाव याचंच.

याच वर्षांत तो कॉम्प्युटरच्या मासिकांत सदर लिहीत होता. कंपन्या देतात काय आणि सांगतात काय, यावर तो सडकून टीका करायचा. टीका करणारे पुष्कळ असतात, पण आता मीच करून दाखवतो म्हणून मैदानात उतरणारे थोडे. ऑसबॉर्न उतरला.

त्या वेळचा पर्सनल कॉम्प्युटर कसा होता, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. 1976 चा ॲपल-1 हा नुसता बोर्ड होता. पेटी, कीबोर्ड, पॉवर सप्लाय, सगळं ज्याचं त्याने बघायचं. कित्येकांनी सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या किंवा स्वतः ठोकल्या. त्याच वर्षीच्या सोल-20 या मशीनला तर निळ्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या होत्या. त्यानंतरची मशीन दिसायला सुबक झाली, तरी मॉनिटर वेगळा, ड्राइव्ह वेगळा, मधे वायरींचं जंगल, आणि सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे. घरी आणलेला कॉम्प्युटर एकदा टेबलावर मांडला की जागचा हलायचा नाही.

ऑसबॉर्नने विचार उलट्या दिशेने केला. त्याने पेटी आधी ठरवली! मशीन एका माणसाने हँडलला धरून उचलता आलं पाहिजे आणि विमानाच्या सीटखाली मावलं पाहिजे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग घातला की काम सुरू झालं पाहिजे. लागणारं सगळं सॉफ्टवेअर त्याच किमतीत मिळालं पाहिजे. आत जे बसवायचं ते या अटींत बसवा. हे काम त्याने दिलं ली फेल्सेनस्टाइनला. तो होमब्रू क्लबच्या बैठका चालवायचा, आणि अक्रोडाच्या फळ्यांच्या त्या सोल-20 चं डिझाइनही त्याचंच होतं.

आता इंजिनिअर म्हणून बघा, एक अट घातल्यावर काय काय होतं. पेटी सुमारे 20 इंच रुंद, 13 इंच खोल, 9 इंच उंच. त्यात दोन फ्लॉपी ड्राइव्ह बसवायचे, म्हणजे समोरच्या बाजूची बरीचशी जागा गेली. मधे जे उरलं त्यात 5 इंची पिक्चर ट्यूब! पोस्टकार्डाहूनही लहान असा तो पडदा. तेवढ्या काचेवर ओळीत 80 अक्षरं वाचणार कोण? म्हणून 52 अक्षरंच दाखवायची असं ठरलं. पण पत्राची ओळ तर 52 पेक्षा मोठी असते. त्यावर फेल्सेनस्टाइनने तोड काढली. मेमरीत ओळ 128 अक्षरांची ठेवायची, आणि पडदा म्हणजे तिच्यावरून सरकणारी खिडकी समजायची. बटण दाबून खिडकी डावी-उजवीकडे न्यायची. ड्राइव्हच्या खाली फ्लॉप्या ठेवायला खण केले. कीबोर्ड असा बसवला, की तोच पेटीचं झाकण व्हावा. बंद केल्यावर मशीन थेट शिलाई मशीनच्या पेटीसारखं दिसायचं. वजन सुमारे 11 किलो. आज आपण त्याला पोर्टेबल म्हटलं तर हसू येईल, पण 1981 मध्ये ऑफिस उचलून नेता येणं ही मोठीच गोष्ट होती.

आत झेड-80 प्रोसेसर, 64 के मेमरी, सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम. सोबत वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिकच्या दोन आवृत्त्या. किंमत 1,795 डॉलर. हे सॉफ्टवेअर सुटं घ्यायचं म्हटलं तरी जवळपास तेवढेच पैसे पडले असते! एकही भाग नवा शोध म्हणावा असा नव्हता, हे लक्षात घ्या. ऑसबॉर्नचं मतच होतं, की पुरेसं असलेलं चांगलं असतं, त्याहून जास्त कशाला. नवी होती ती पेटीची अट, आणि त्या अटीमुळे एकत्र आलेल्या गोष्टी.

एप्रिल 1981 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ऑसबॉर्न-1 लोकांसमोर आला, आणि स्टॉलवर झुंबड उडाली. ऐन भरात महिन्याला 10,000 मशीन विकली जात होती. पहिल्या मशीनची पेटी मातकट रंगाची होती. 1982 मध्ये ती बदलून निळसर राखाडी, जास्त मजबूत अशी पेटी आली. बाहेरचा रंग बघून मशीन आधीचं की नंतरचं हे जुनी मशीन जमवणारे सांगतात, ते यामुळे.

पण यश दुरून बघणारे गप्प बसत नाहीत. 1982 मध्येच केप्रो नावाची कंपनी आली. हे लोक मुळात मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारे, त्यामुळे पत्र्याच्या पेट्या करणं त्यांच्या हातचा मळ. त्यांनी तीच 1,795 डॉलर किंमत ठेवली, पण पडदा दिला 9 इंचांचा, आणि ओळीत पूर्ण 80 अक्षरं! ऑसबॉर्नचा 5 इंची पडदा आता डोळ्यांत खुपायला लागला. त्यात ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला होता, आणि 1983 च्या सुरुवातीला कॉम्पॅकचा उचलता येणारा, आयबीएमची सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्प्युटर दुकानांत पोचला. सीपी/एमचे दिवस भरत आले होते.

आता ती प्रसिद्ध फजिती. ऑसबॉर्नने 1983 च्या सुरुवातीला 7 इंची पडद्याच्या नव्या मॉडेलबद्दल, एक्झिक्युटिव्हबद्दल, पत्रकारांना आधीच सांगितलं. नवं येतंय म्हटल्यावर दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, कंपनीकडे येणारा पैसा आटला, आणि सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. या गोष्टीला ऑसबॉर्न इफेक्ट असं नावच पडलं, आणि आपण ते परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहितो.

पण कंपनीत काम केलेल्या माणसांनी नंतर वेगळी हकिगत सांगितली, आणि ती वाचून मी अक्षरशः ताडकन उठून बसलो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नवं मॉडेल विकायला सुरुवात झाल्यावर गोदामात जुन्या मॉडेलचे तयार मदरबोर्ड सापडले. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. एका वरिष्ठ अधिकाऱ्याला वाटलं, एवढा माल फेकायचा कशाला? याची पूर्ण मशीन करून विकू या. पण नुसत्या बोर्डाचं मशीन होत नाही. पिक्चर ट्यूब हव्यात, ड्राइव्ह हवेत, मेमरी हवी, बंद केलेली प्रॉडक्शन लाइन पुन्हा हवी, आणि प्लॅस्टिकच्या पेट्या पुन्हा पाडून घ्यायला हव्यात! या सगळ्यात सुमारे वीस लाख डॉलर गेले. दीड लाखाचे बोर्ड वाचवण्यासाठी वीस लाख, म्हणजे तेरा पटींहून जास्त. तेही ज्या दिवसांत कंपनीकडे रोख पैसाच नव्हता तेव्हा.

मित्रहो, हाताशी बोर्ड आहे आणि पेटी नाही, हा आपल्याच नादातला प्रश्न! फरक एवढाच, की आपण एका बोर्डासाठी भंगारबाजार पालथा घालतो, आणि त्यांनी हजारोंसाठी कारखाना कामाला लावला. प्लॅस्टिकच्या पेटीचं अर्थशास्त्र प्रॉडक्शनच्या मंडळींना पाठ असेल. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये सगळा खर्च पोलादी साच्याचा. एकदा साचा झाला की एकेक नग स्वस्तात पडतो, पण तो हजारोंनी पाडला आणि विकला तरच. खपच नसेल तर सगळ्यात महाग वस्तू म्हणजे रिकामा डबा! चुकलं कुणाचं, एका मुलाखतीचं की त्या वीस लाखांचं, यावर जाणकारांत आजही वाद आहे. माझं मत विचाराल तर केप्रो आणि आयबीएमने अर्धं काम आधीच केलं होतं. पण एका माणसाचं सगळं आयुष्य एका बडबडीच्या नावाने ओळखलं जावं, हा त्याच्यावर अन्याय आहे, एवढं नक्की.

ऑसबॉर्न खचला नाही. 1984 मध्ये त्याने या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आणि पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. तेव्हा लोटस 1-2-3 ची किंमत 495 डॉलर होती; हा तसंच काम करणारं स्प्रेडशीट 100 डॉलरच्या आत विकू लागला. पुस्तकाच्या किमतीत सॉफ्टवेअर, ही कल्पना. 1987 मध्ये लोटसने खटला भरला. मेनू आणि कमांडची रचना जशीच्या तशी घेतली, हा आरोप. 1990 मध्ये निकाल लोटसच्या बाजूने गेला, आणि ऑसबॉर्न कंपनीतून बाहेर पडला. पुढे त्याची तब्येत ढासळली. मेंदूच्या आजाराने त्याला वरचेवर झटके येऊ लागले. 1992 मध्ये तो भारतात परतला, आणि बहिणीच्या आधाराने कोडाईकनालला राहू लागला. 18 मार्च 2003 ला तिथेच त्याचं निधन झालं. वय 64. तोवर पाच-सहा पौंडांचे लॅपटॉप जगभर विमानांच्या सीटखाली फिरत होते. ज्या डोंगरात त्याची शाळा होती, त्याच डोंगरात तो शेवटी परतला, ही गोष्ट माझ्या मनातून काही जात नाही.

ऑसबॉर्नच्या आयुष्यातून आपण काय घ्यायचं? उद्योजकतेचे मोठे धडे सर लोक देतीलच. मी आपलं पेटीपुरतं बोलतो, कारण जुना कॉम्प्युटर उभा करायचा असेल तर या गोष्टी खरंच कामी येतात.

पहिली, पेटी आधी ठरवा. बोर्डाची लांबी-रुंदी, भोकांमधली अंतरं, कनेक्टर कुठल्या बाजूला येतात, सगळ्यात उंच भाग किती, ट्रान्सफॉर्मर कुठे बसणार आणि गरम हवा कुठून जाणार, हे कागदावर काढल्याशिवाय बाजारात जाऊ नका. 386, 486 च्या काळातला बेबी-एटी बोर्ड साडेआठ इंच रुंद असतो, आणि त्याला मागे कायम बसवलेला असा एकच गोल कीबोर्ड कनेक्टर असतो. 1995 मध्ये एटीएक्स आलं तेव्हा बरीच भोकं जुन्या जागीच ठेवली गेली, त्यामुळे पुष्कळ एटीएक्स कॅबिनेटमध्ये हा जुना बोर्ड बसतो. फक्त मागच्या चौकोनासाठी पत्रा कापून घ्यावा लागतो. मूळ एटी कॅबिनेटच मिळालं तर एक सांभाळा. त्याच्या समोरच्या स्विचपर्यंत 230 व्होल्ट थेट आलेले असतात!

दुसरी, चालू असलेलं जुनं मशीन नुसत्या पेटीसाठी उघडं करू नका. मेलेलं शोधा. बिघडलेले फंक्शन जनरेटर, जुने यूपीएस, व्हीसीआर यांचे पत्र्याचे डबे फार छान असतात. लॅबमधला डेड स्टॉक राइट-ऑफ होतो तेव्हा लॅब असिस्टंट काकांना आधी विचारा, परवानगी घ्या, मगच हात लावा. पिक्चर ट्यूब असलेल्या डब्यात मात्र स्वतः हात घालू नका. प्लग काढल्यावरही तिथे जबरदस्त व्होल्टेज साठलेलं असू शकतं.

तिसरी, प्लॅस्टिक पिवळं पडलं म्हणून फेकू नका. जुन्या एबीएस प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिन असलेली रसायनं घालत, आणि पिवळेपणा बऱ्याचदा त्यांच्यामुळे येतो असं मानतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी तो जातो, ही युक्ती 2008 पासून लोक वापरतात. रंग पुन्हा पिवळसर होऊ शकतो, आणि हातमोजे घालायलाच हवेत. जमल्यास केमिकलच्या मित्राला बरोबर घ्या!

आणि चौथी, काहीच मिळालं नाही तर लाकूड आहेच. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमधलं 8085 चं किट ज्या लाकडी पेटीत येतं, ती नीट बघा. हँडल आहे, झाकण आहे, सप्लाय आत आहे. ऑसबॉर्नने मागितलं त्यातलं निम्मं तिथेच आहे. सुताराला मापं द्या, तो दोन दिवसांत करून देईल. त्याला साचा लागत नाही, आणि वीस लाख डॉलर तर नाहीच नाही.

सेकंड इयरच्या मित्रांनो, तुमच्या मिनी प्रोजेक्टचे विषय आता ठरतील. सिनॉप्सिस लिहाल तेव्हा ब्लॉक डायग्रामच्या शेजारी एक चौकोन आणखी काढा, त्यावर लांबी, रुंदी, उंची लिहा, आणि त्यात काय मावतं ते बघून मग पुढचं काम सुरू करा.